बॅटरी कोण खातंय

१ फेब्रुवारी

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. नववीत शाळा सुटल्यावर मी सलग असं काही लिहिलेलं नाही. पण हा महिना महत्त्वाचा आहे, आणि माझ्या डोक्यात गोष्टी राहिल्या की त्या एकमेकींना ढकलत बसतात. कागदावर निदान रांगेत उभ्या राहतील.

काम सुरू झालं. चार दवाखान्यांतून रक्ताचे नमुने घ्यायचे, थंड पेटीत ठेवायचे आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायचे. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, फेब्रुवारीभर बघू, जमलं तर काम कायमचं तुमचं. मला अहोजाहो करणाऱ्या त्या पहिल्याच.

गाडी सेकंडहँड आहे, पण आमच्या घरात नवीनच. सगळं तिला कळतं आणि ती सगळं बोलून दाखवते. पट्टा नाही लावला, टुंग. दार नीट बसलं नाही, टुंग. मागे घेताना कुंडी जवळ आली तर टुंगटुंगटुंग. नमुन्यांची पेटी शेजारच्या सीटवर ठेवली तर तिला वाटतं माणूस बसलाय, मग पेटीने पट्टा लावला नाही म्हणून माझ्यावर ओरडते. आता मी पेटीलाही पट्टा लावतो.

बाबा सकाळी बाहेर आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, आवाज कसा आहे. मी जरा ऐटीतच सांगितलं की आवाजच नाही, चालू आहे की बंद कळतसुद्धा नाही, सिग्नलला तर इंजिन आपलं आपण थांबतं. चावी फिरवायची भानगड नाही, ती नुसती खिशात ठेवायची, बटण दाबायचं, झालं. ते "हं" म्हणाले आणि लवंग चघळत आत गेले.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. हात थरथरायला लागला तेव्हा नोकरी सोडावी लागली, आणि मग लायसनही वाढवून मिळालं नाही. तेव्हापासून खिडकीत बसतात. मी गाडी घेतली ते त्यांना पटलंय की नाही, कळत नाही. विचारायचा धीर होत नाही.

४ फेब्रुवारी

चार दिवस ठीक गेले. पहाटे उठावं लागतं म्हणून दुपारी जेवून झोपतो. मी झोपलो की आई मिक्सरसुद्धा लावत नाही आणि बाबा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघतात. मी काही साहेब नाही असं म्हटलं, तर आई म्हणाली, "गाडी चालवणाऱ्याची झोप झालीच पाहिजे. ह्यांना विचार."

५ फेब्रुवारी

संध्याकाळी निघताना समोर पिवळा दिवा लागला. बॅटरीचं चित्र. गाडी चालू झाली, पण खोकत खोकत. लॅबमध्ये पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून वाचलं. त्यात लिहिलंय की हा दिवा लागल्यास अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा. दर पानावर तेच लिहिलंय. पुस्तक कशाला छापलं कोण जाणे.

जेवताना घरात सांगितलं. आई म्हणाली, नवीन आहे, तिलाही रुळायला वेळ लागेल. बाबांनी विचारलं, "दुपारी नुसती उभीच असते ना?" मी हो म्हटलं. 

७ फेब्रुवारी

सकाळी गाडी चालूच होईना. बटण दाबलं की समोर सगळी आरास. ब्रेकचा दिवा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, एक तर असा की पुस्तकातही सापडला नाही. समोरच्या काकांना उठवलं. ते बनियनवरच वायरी घेऊन आले, त्यांच्या गाडीच्या बॅटरीला माझी जोडली, आणि माझी गाडी काही झालंच नाही अशा थाटात चालू झाली. सगळे दिवे गेले. काका म्हणाले, "एवढं काय काय बिघडलं होतं आणि एका चिमट्यात बरं झालं? आमच्या सासूबाई अशाच होत्या."

लॅबमध्ये उशीर झाला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

परत येताना इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याला सगळे करंट म्हणतात, खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असेल. त्याने मीटर लावून सांगितलं की बॅटरी म्हातारी झाली आहे. दिव्यांचं मनावर घेऊ नको म्हणाला. बॅटरी खाली गेली की गाडी तापातल्या माणसासारखं बरळते, तिचं सगळं खरं मानायचं नसतं. नवीन बॅटरी बसवली. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागेल, बॅटरी काढली की गाडी ते विसरते, हेही त्याने सांगितलं.

बाबांना नवीन बॅटरीचं सांगितलं. त्यांनी कुठली, केवढी, कशी बसवली, बारीकसारीक विचारलं. बरं वाटलं. मग म्हणाले, "बॅटरीला रोज जरा चालवावं लागतं. डेपोत उभ्या गाड्या आम्ही रोज चालू करून ठेवायचो, नाहीतर सकाळी ढकलत न्यायची वेळ." मी म्हटलं, हल्लीच्या गाड्यांना तसलं काही लागत नाही. ते उठून खिडकीत जाऊन बसले. तोडून बोललो की काय, असं नंतर वाटलं.

१० फेब्रुवारी

गाडी शहाण्यासारखी वागते आहे. फक्त दोन गोष्टी.

एक, रेडिओ. मी लावलेल्या स्टेशनाऐवजी जुन्या गाण्यांचं लागलेलं असतं. पुन्हा पुन्हा बदललं. बॅटरी काढल्यापासून तिची स्मरणशक्ती ठिकाणावर आलेली नसावी.

दोन, वास. गाडीत लवंगेसारखा वास येतो. काही वायरी जळताना गोडसर वास येतो म्हणे, म्हणून बॉनेट उघडून प्रत्येक वायर हुंगून पाहिली. समोरच्या काकूंनी विचारलं, फोडणीला टाकली का रे गाडी.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी पुन्हा पिवळा दिवा. नवीन बॅटरी असूनही. करंटकडे गेलो. तो म्हणाला, "बॅटरी चांगली आहे. कोणीतरी खातंय तिला." गाडी बंद असताना एखादी वस्तू गुपचूप वीज ओढत असेल, असा त्याचा अर्थ. मोबाईल चार्जर काढला, काचेवरचा छोटा कॅमेरा काढला. सीटही मागे सरकली होती, माझे पाय ब्रेकपर्यंत नीट पोचत नव्हते. करंट बॅटरी बसवताना सरकवून गेला असणार, उंच आहे तो. पण मग इतके दिवस मी कसा चालवत होतो? टेन्शनमध्ये लक्षात आलं नसेल.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "अजून पुरत नाही म्हणजे जास्त वेळ द्यायला हवा." कशाला, असं मी विचारलं. आईने मध्येच मला भाजी वाढली.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहू नये असा आहे, पण लिहितो.

सकाळी दुसऱ्या दवाखान्यासमोर गाडी उभी करून आत गेलो, परत आलो तर बटण दाबल्यावर नुसती टकटक. पेटी मांडीवर घेऊन रिक्षा शोधली. लॅबमध्ये पोचलो तोपर्यंत काही नमुने बाद झाले होते. मॅडमनी ओरडा केला असता तर चाललं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यात एका आजींचं रक्त होतं, त्यांच्या हाताला शीर सापडत नाही, तीन ठिकाणी टोचून मिळालं होतं. आता त्यांना पुन्हा टोचणार. "तुमच्या गाडीचं काय ते बघा. पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला आवडणार नाही, पण बघावा लागेल."

दिवसभर त्या आजींचा हात डोळ्यांसमोर आहे. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

करंटने बॅटरी पुन्हा भरून दिली आणि सांगितलं की गाडी दोन दिवस त्याच्याकडे ठेवली तर तो शोधून काढेल. दोन दिवस गाडीशिवाय काम कसं करणार? घरी आल्यावर जेवलोही नाही. बाबा दाराशी आले आणि म्हणाले, "होईल ठीक. मी बघतो."

काय बघणार ते. बोलून दाखवलं नाही, पण मनात आलं.

१६ फेब्रुवारी

कोण खातंय ते कळलं.

दुपारी पडलो पण झोप येईना. घर गपगार. खुंटीवर चावी नव्हती. मला वाटलं गाडीतच राहिली. तसा उठलो आणि खिडकीतून पाहिलं.

बाबा गाडीत बसले होते. ताठ. दोन्ही हात स्टिअरिंगवर. कपडे बाहेर जायचे, इस्त्रीचे. गाडीचे पुढचे दिवे भर दुपारी लागलेले, पंखा फुल, रेडिओवर जुनी गाणी, आणि समोर बॅटरीचा, तेलाचा, सगळे दिवे झगमगत. इंजिन बंद. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की असंच होतं, गाडी जागी होते, चालू होत नाही. नुसती बसून बॅटरी पिते.

आई पायरीवर वाटाणे सोलत होती. मला पाहून तिने बोट ओठांवर ठेवलं. "तू झोप ना. ते गाडी चार्ज करताहेत."

मी विचारलं, कधीपासून.

"पहिल्यापासूनच. आधी थोडा वेळ बसायचे. तुझा तो दिवा लागायला लागला तशी वेळ वाढवली. काल तू जेवला नाहीस ना, आज जेवणावरून अर्धवट उठून गेलेत. तुला सांगू नको म्हणाले, तुझ्या जिवाला आधीच घोर."

मी म्हटलं, अगं पण गाडी बंद आहे. आई म्हणाली, "बंद कशी? एवढे दिवे लागलेत. तूच म्हणालास ना आवाज येत नाही."

मी तिथेच पायरीवर बसलो. आईने माझ्या हातात चार शेंगा दिल्या. मी सोलल्या.

सगळ्यात आधी राग आला, हे लिहून ठेवतो. इतका की उठून दार उघडावं आणि त्या आजींचं सांगावं. मग लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. चहाचा कप धरताना बशी वाजते तो हात. स्टिअरिंगवर तो जागचा हलत नव्हता.

मी आत जाऊन पडून राहिलो. वेळ झाल्यावर उठल्यासारखं केलं. चावी खुंटीवर होती. गाडी खोकत खोकत का होईना, चालू झाली.

१७ फेब्रुवारी

चावी उशीखाली घेऊन झोपलो. संध्याकाळी गाडी एका दमात चालू. एकही दिवा नाही.

१९ फेब्रुवारी

गाडी दुरुस्त झाली आणि घर बिघडलं. काल दुपारी बाबांनी कपडे केले आणि खुंटीपाशी उभे राहिले. आईला विचारलं, चावी कुठे आहे. आई म्हणाली त्याच्याकडे असेल. "नाही, सहज," म्हणाले आणि पुन्हा घरातले कपडे घालून खिडकीत बसले. हे आईने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी चावी नाही, कोणाचं तरी पाकीट मारलंय.

आज त्यांनी मला विचारलं, दिवा लागतो का अजून. मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "लागणार नाही. मी पुष्कळ भरून ठेवली आहे."

म्हणजे गाडी बरी झाली ती त्यांच्यामुळे, असं त्यांना वाटतंय. मग तसंच वाटू द्यायचं ना? मी तसंच ठरवलं होतं. पण चावी किती दिवस लपवणार? आणि मी लपवतोय हे त्यांना कळलं तर त्याचा अर्थ ते काय लावतील? मुलगा आपल्याला गाडीला हात लावू देत नाही, एवढाच. नोकरी सोडली त्या दिवशी डेपोतल्या साहेबांनीही चावी अशीच हातातून घेतली होती, असं आई एकदा म्हणाली होती.

करंटला सांगितलं. तो हसून हसून खाली बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "सांगून टाक रे. माझे वडील असते तर मी रोज एक बॅटरी बदलली असती." हा कसला सल्ला, कळलं नाही.

२१ फेब्रुवारी

आज रविवार, एकच फेरी. दुपारी झोपलोच नाही. बाबांना म्हटलं, जरा गाडीत चला, दाखवायचंय. त्यांना चालकाच्या जागी बसवलं. त्यांनी मला विचारायच्या आत सीट मागे घेतली आणि आरसा नीट केला. हात आपोआपच गेले त्यांचे. मी बाहेर बघत राहिलो.

शेजारी बसून सांगितलं की या गाडीची एक गंमत आहे, ती मी पहिल्या दिवशी सांगायची विसरलो. आधी ब्रेक दाबायचा, दाबून धरायचा आणि मग बटण.

त्यांनी ब्रेक दाबला. बटण दाबलं. इंजिन चालू झालं. समोरचे दिवे एकेक करत विझले. सीटखाली ती बारीक थरथर यायला लागली. बाबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला.

मग म्हणाले, "म्हणजे ही आत्ता चालू झाली."

"हो."

"आणि इतके दिवस?"

मी म्हटलं, इतके दिवस बॅटरीच खराब होती. करंटनेच सांगितलं, पहिली म्हातारी होती, दुसरीतही दोष होता.

बाबा समोर बघत होते. "आमच्या डेपोत एक क्लीनर होता," म्हणाले. "खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. सगळे त्याला मुद्दाम प्रश्न विचारायचे."

मी कानाला हात लावला. लावायला नको होता.

इंजिन चालू होतं. मग त्यांनी विचारलं की मी जेवलो नाही त्या दिवशी लॅबमध्ये काय झालं, आणि या वेळी मी सगळं सांगितलं. आजींचंही. ऐकताना त्यांचा हात डॅशबोर्डवरून खाली आला आणि थरथरायला लागला. मला वाटलं, कशाला सांगितलं. पण ते म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. बसमध्ये माणसं बसलेली असतात ती दिसतात तरी. तुझी माणसं पेटीत. जास्त जपायला हवं."

उतरताना चावी त्यांनी माझ्या हातात दिली. मी घरात गेल्यावर ती खुंटीला लावली, त्यांना दिसेल अशी.

२२ फेब्रुवारी

दुपारी झोपेत इंजिनाचा आवाज ऐकला. चालू होतानाचा. थोड्या वेळाने बंद. झोप लागली.

२५ फेब्रुवारी

सकाळी भरलेली पेटी घेऊन लॅबकडे निघालो आणि चाकाचा दिवा लागला. हवा कमी, ताबडतोब थांबा. थांबलो तर उशीर, न थांबलो तर काय होईल ते माहीत नाही. रस्त्याच्या कडेला घेतली, पुस्तक काढलं, आणि मग पुस्तक ठेवून घरी फोन लावला. बाबांनी उचलला. मी दिव्याचं चित्र कसं आहे, रंग कुठला आहे, सगळं सांगायला लागलो.

"दिवा सोड," ते म्हणाले. "खाली उतर. चाक बघ."

उतरलो. चारही चाकं पाहिली, त्यांनी सांगितलं तशी प्रत्येकाला टाच मारून पाहिली, मागच्या डावीकडचं किंचित मऊ. किती मऊ, पिकलेल्या पेरूइतकं की कच्च्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं कच्च्या. म्हणाले, "मग जा. हळू जा, वळणावर जपून. परत येताना हवा भर."

वेळेत पोचलो. मॅडमनी पेटी घेतली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. घड्याळाकडे नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं नाही की पोचलास का. आईने सांगितलं की बोलणं झाल्यापासून ते फोन हातातच धरून बसले होते.

२८ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. काम तुमचंच, म्हणाल्या. उद्यापासून आणखी एक दवाखाना देणार आहेत, भर बाजारातला. तिथे गाडी उभी करायला जागा नाही, आणि नमुने आत असताना गाडी सोडून जाता येणार नाही. बरोबर बसायला कोणी आहे का तुमच्याकडे? पैसे दोघांचे धरून देऊ.

मी म्हटलं, आहेत. बस चालवायचे.

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, बघू. मग आईला विचारलं, माझा तो निळा शर्ट कुठे आहे.

३ मार्च

बाबा तीन दिवस येताहेत. पेटी आता मागच्या सीटवर पट्टा लावून असते आणि बाबा पुढे. पहिल्या दिवशी पट्टा लावायला ते विसरले, गाडी ओरडायला लागली, तर तिलाच म्हणाले, "लावतो गं बाई, श्वास तर घे." सिग्नलला इंजिन आपोआप थांबलं की दर वेळी माझ्याकडे बघतात, बंद पडली नाही ना म्हणून, आणि ते चालू झालं की मान हलवतात.

एक गोष्ट आज लक्षात आली. पुढे गर्दी दिसली, मूल रस्ता ओलांडायला निघालं, बस थांब्याकडे वळायला लागली, की त्यांचा उजवा पाय पुढे जातो आणि खालची चटई दाबतो. तिथे ब्रेक नाही. त्यांना कळतही नसावं. पाय अगदी वेळेवर जातो, माझ्यापेक्षा जरा आधी, आणि दाबतो तो हळू, मागे उभा असलेला माणूस पडू नये तसा.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो पाय बघतो आणि तो हलला की मीही ब्रेक दाबायला लागतो. आज पेटीतली एकही बाटली वाजली नाही.